शनिवारपर्यंत एक गुप्त मंडळ

शनिवारी खेळ आहे, आणि खलनायक अजून बिनचेहऱ्याचे.
म्हणून रात्री वहीत एक मंडळ मांडतो.
नाव: अरुणेचे पहारेकरी.
रामकुंडात गोदेला मिळणारी ती नदी कुणाला दिसत नाही,
ह्यांना दिसते. एवढं पुरे.

मग खजिनदार लागतो. मंडळ म्हटलं की वर्गणी आलीच.
पूर दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागला की सभा.
कोरड्या वर्षी नुसतं इतिवृत्त:
"कोणी आले नाही. मंजूर."

एकाला दिल्या वंशावळींच्या चोपड्या,
त्यात अजून न जन्मलेल्यांच्या सह्या.
एकाला काहीच दिलं नाही. तोच फितूर होईल.

खूण काय? मुखवटे नकोत, अंगठ्या तर नकोतच.
तांबट आळीतले ठोके घेतले:
तीन जड, एक हलका, मग श्वासभर थांबून
कडेवरून घसरलेला पाचवा.
हंड्यावर वाजवायचे. दार उघडतं.

शनिवारी ओवी गांगुर्डेनं फासा मुठीतच धरून विचारलं,
"पण ह्या ठोक्यांचा अर्थ काय?"
तन्वीरनं चिवड्यातून मान वर केली.

मी पानं चाळली. शत्रू होता, शपथ होती,
थकबाकीसुद्धा होती.
अर्थ नव्हता.

दुकान विकलं त्या संध्याकाळी बाबांनी
रिकाम्या ऐरणीवर असंच वाजवलं होतं,
आणि हातोडी मला न देता
पिशवीत घातली.

"वीसचं दान पडलं तर कळेल," मी म्हटलं.
फासा बराच वेळ घरंगळला.
चार.