नील

रविवारी प्रेसचा भोंगा नसतो,
म्हणून वृषालीचा फोन रविवारी.
तिकडे गॉलवेला अजून उजाडलेलं नाही,
ती रात्रपाळीतल्या सुट्टीत, तोंडात बिस्किट.
"बाबा, गुरुवारी मतदान. माझं पहिलंच.
हो म्हणू की नाही?"

कशाला हो, कशाला नाही?
करार आहे म्हणाली, सत्तावीस देशांचा.
सव्वीस ठिकाणी साहेबांच्या सह्यांवर भागतं,
तिच्या देशात माणसागणिक विचारतात.
तिच्या देशात,
असं मीही म्हणून बसलो, आणि पाणी प्यायलो.

मी एकतीस वर्षं कागद तपासले,
नाशिकरोडला, लांब टेबलाशी.
शीट उचल, वाकव, उजेडात बघ, ठेव.
शाई पसरलेली, आकडा घसरलेला, सिंह कलंडलेला,
की बाजूला. रद्द. पण रद्दचीही मोजणी.
एक कागद कमी भरला तर दार उघडत नसे.
गांगुर्डेच्या हळदीच्या दिवशी
आम्ही साडेनऊपर्यंत आत,
आणि कागद निघाला माझ्याच डब्याखाली.
अजून ऐकवतो तो.

म्हणून म्हटलं, पाठव तो करार.
न बघता पास करायची आपल्यात रीत नाही.
कॅफेवाला दोन रुपये पान म्हणाला,
चाळिसाव्या पानाला मी हात वर केला.
अमुक कलमाऐवजी तमुक वाचावे,
तमुक ओळीतला शब्द गाळावा.
सगळं शुद्धिपत्रच,
पुस्तक कुठे छापलंय ते कुणाला ठाऊक.

मग मी तिला ब्याऐंशी साल सांगितलं.
नाशिक, सातपूर, नाशिकरोड-देवळाली,
निजताना तीन, उठताना एक महानगरपालिका.
आम्हाला चिठ्ठी कुणी दिली नाही.
बिलावरचं नाव बदललं, तेव्हा कळलं.
तुझी आई मात्र अजून
बिटकोला बसमध्ये चढताना म्हणते,
नाशिकला जाऊन येते.
वृषाली हसली.
"इथेही म्हणतात, बाबा,
सुट्टीत युरोपला जाऊन येतो."

मतपत्रिका दोन भाषांत, तिने सांगितलं.
हो म्हणजे टा. नाही म्हणजे नील.
पण त्यांच्या जुन्या भाषेत
हो आणि नाही असे शब्दच नाहीत,
टा म्हणजे आहे,
नील म्हणजे नाहीये.
म्हटलं, मग आपल्या 'नाही'चं तरी दुसरं काय?
नील.
मला आठवलं ते पासपोर्टाचं कव्हर.

तिने तिकडचा घ्यायचं ठरवलं तेव्हाही
मला विचारलं होतं.
मी नाही म्हटलं.
सहा महिन्यांनी परत विचारलं.
मी म्हटलं, तुझं तू बघ.
तिने त्यातून हो ऐकलं.
मी दुरुस्ती पाठवली नाही.

गुरुवारी त्यांनी नाही म्हटलं.
पुढच्या वर्षी, ऑक्टोबरात, परत तोच प्रश्न,
सोबत थोडी हमी लिहून.
गांगुर्डे कट्ट्यावर म्हणाला,
हो येईस्तोवर विचारणार, सोयरिकीतल्यासारखं.
सगळे हसले. मला जमलं नाही.
परत विचारणाऱ्याची रात्र कशी जाते
ते मला नाही माहीत,
पण परत उत्तर देणाऱ्याची माहीत आहे.

या वेळी तिने विचारलं नाही.
आईच्या गुडघ्याबद्दल बोलली, तिकडच्या वाऱ्याबद्दल.
मत दिलंस?
दिलं.
मी पुढे गेलो नाही.

तिचा जुना पासपोर्ट इथेच कपाटात असतो,
कोपरा कापलेला.
तो काढला, पान उचललं,
वाकवलं, खिडकीशी धरलं.
छपाई चोख. नंबर सरळ.
आमच्याच टेबलावरून गेला असणार,
कुठल्या पाळीत कोण जाणे.

स्वयंपाकघरातून हाक आली,
"मी नाशिकला जाऊन येते, काही आणायचंय?"
नाही म्हटलं.
ती चप्पल सरकवत
दाराशी जरा थांबली.