पाठकोरं

एकतीस वर्षं मी त्याला मरताना पाहिलं,
डाव्या विंगेतून, स्टुलावर बसून, मांडीवर संहिता.
पाचव्या अंकात तो पेला उचलायचा.
पेल्यात कोकम. ते मीच कालवायचो.
एकदा गारगोटीच्या प्रयोगाला साखरेऐवजी मीठ पडलं,
त्यानं तोंड असं काही वेडंवाकडं केलं
की बायकांच्या बाजूनं हुंदके आले.
मालक म्हणाले, इथून पुढं मीठच घाल, दौलू.

राजपुत्र. जीव लावला, एवढाच गुन्हा.
निरोप्या उशिरा पोचायचा.
ती मेलेली नाही, नुसती निजलीय,
हे दारातल्या शेंगावाल्यालाही ठाऊक,
त्यालाच तेवढं नाही.
माझ्या ओठांवर यायचं.
पण प्रॉम्प्टरनं लिहिलेलंच कुजबुजायचं असतं.

कंपनी मोडली.
पडदे मंडपवाल्यानं नेले,
लाकडी तलवारी कुणाच्या तरी बंबात गेल्या.
मला ही संहिता आली,
एका बाजूनं लिहिलेली, पाठकोरी.

आता शुक्रवार पेठेत, गिरणीच्या वरच्या खोलीत,
खाली जोंधळा दळत असतो, वर मी लिहितो.
ओल्या शाईवर पीठ बसतं.

तो पेला उचलतो.
थांबतो.
पालथा करतो.
थेंब पडतो तिथं रंगमंचाची फळी उकलते,
खाली पायऱ्या, शेवाळलेल्या,
थेट रंकाळ्याच्या तळाला.
तळाशी जुनी खाण, तिथं अजून कुणीतरी दगड फोडतंय.
ते त्याला पट्टा देतात, पाण्याचा,
फिरवला की ऊन कापणारा.

काठावर नंदी.
म्हातारी माणसं सांगतात,
वर्षाला गव्हाएवढा पुढं सरकतो, तांदळाएवढा मागं येतो,
देवळाशी पोचला की जगबुडी.
माझा राजपुत्र त्याच्या वशिंडामागं बसतो,
कानात काहीतरी बोलतो
(काय, ते अजून सुचलेलं नाही)
आणि एवढ्या वर्षांचा दगड अंग झाडून उठतो.

पंचगंगेवरून जातात.
जोतिबाच्या डोंगरावर ढगांना गुलाल लागलेला.
पुढं पन्हाळा, धुकं,
आणि धुक्यात उशीर नावाचा राक्षस.
त्याला तोंड नाही, हात नाहीत. नुसतं पोट.
पोटात न पोचलेले सगळे निरोप.

लढाईला मी तीन पानं दिली.
पट्टा असा फिरवला, तसा फिरवला,
नंदीनं दोनदा शिंग मारलं.
शेवटी पोट फाटलं आणि खाली ओघळले
तारा, पोस्टकार्डं, ‘थांब, निघालोय’,
‘पोरगं बरं आहे’, ‘येऊ नकोस’,
आणि एक निळं आंतर्देशीय, अक्षर माझं,
इचलकरंजीचा पत्ता, साल चौऱ्याऐंशी.

ते तिथं कसं आलं?
ते तर मी पेटीत टाकलंच नव्हतं.

दोन दिवस वही मिटून ठेवली.

गिरणीवाल्या मुल्लाणींची निलोफर आठवीत आहे.
दळणाचे पैसे मागायला वर आली, वाचत बसली.
म्हणाली, बैल लई भारी. पण ती कुठं हाय?
कोण?
ती वो. जिच्यासाठी ह्यो एवढा पट्टा हाणालाय.
म्हटलं, ती पाचव्या अंकातच आहे अजून,
निजलेली, उजव्या बाजूला, कनातीखाली.
बारा मिनिटांनी जागी होते. तोवर फार उशीर.
पोरगी माझ्याकडं बघत राहिली,
बेरजेत हातचा विसरलेल्याकडं बघावं तशी.
आता तर राक्षस मेला न्हवं? मग उठवा की आत्ताच.
आन् तिलाबी पट्टा द्या.

मी पान उलटलं.
लिहिलेली बाजू, तांबडी पेन्सिल, कोकमाचा डाग.
ती तिथंच होती.
वाकलो आणि जुन्या सवयीनं,
पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही अशा बेतानं,
लिहिलेलं नव्हतं ते म्हणालो.

मोठ्यानं सांगा, आजोबा, निलोफर म्हणाली,
खाली गिरणी चालू हाय.