पासंग

माझं काम तसं सोपं.
दुकानाच्या फळीवर आपली पितळी वजनं मांडायची,
काटा खोटं बोलतोय का बघायचं,
नसेल बोलत तर शिशाच्या सीलवर ठसा,
बोलत असेल तर पंचनामा.
एकवीस वर्षं. भायखळा, मसजिद बंदर, दारूखाना.

पारड्याखालचं चुंबक मला वासानं कळतं.
चिंचेचा गोळा, चिंधीत बांधलेलं नाणं,
ओल्या मासळीखालचा जाड पुठ्ठा,
मी सगळ्यांना एकच नाव ठेवलंय: पासंग.

म्हणून परवा, परळच्या हॉस्पिटलात
चप्पल, पर्स, मंगळसूत्रसुद्धा काढून
(ताहिरा म्हणाली, राहू दे ते. मी ऐकलं नाही)
काट्यावर चढले, आकडा आला एकशे अठरा सहाशे,
तेव्हा आधी वाकून सील बघितलं.
वाकता येत नाही मला नीट.
तरी वाकले.
सील शाबूत. याच वर्षाचं, याच तिमाहीचं.
ठसा आमच्याच म्हसकरचा,
जरा तिरका, तो मारतो तसाच.

मागच्या खेपेला एकशे सोळा दोनशे होतं.

ताहिरा आहारतज्ज्ञ, माझ्या लेकीच्या वयाची.
वाढलं, असं म्हणाली नाही.
पेन्सिलीनं लिहिलं फक्त.
मग माझे पासंग निघाले एकेक:
थायरॉईडची गोळी बदललीय.
अंगात पाणी साठतंय.
साडी कॉटनची, त्यात खळ घातलेली.
ती ऐकत राहिली, मी कांदेवाल्याचं ऐकते तशी,
मान हलवत,
कागद न मिटता.

जे सांगितलं नाही ते असं:
तारीख मिळाली त्या रात्री दोन वाजता
फ्रिजच्या उजेडात उभ्यानं खाल्लेले आठ पाव.
चार लोणी लावून. चार तसेच.
भूक नव्हती.
पोटाचा एवढा मोठा तुकडा जायचा होता कायमचा,
त्याला जेवल्याशिवाय कसं पाठवायचं,
असलं काहीतरी वाटलं असेल.
किंवा काहीच वाटलं नसेल. पाव होते.

सर्जन म्हणाले, यकृत सुजलंय,
ते उचलल्याशिवाय मला जागा मिळत नाही.
सहा किलो उतरा, मग बोलू.
सतरा तारीख खोडली. पुढची दिली नाही.
घरी यांनी विचारलं, काय म्हणाले?
म्हटलं, नंबरच लागला नाही.

भाऊच्या धक्क्यावर एकीचा काटा
किलोमागे चाळीस ग्रॅम चुकायचा,
तिच्याच विरुद्ध.
गिऱ्हाइकाला जास्त जात होतं, किती वर्षं कोण जाणे.
कलम कुठलं लावायचं सुचेना.
म्हटलं, मावशी, नीट करून आण, आठ दिवस देते.
आठव्या दिवशी आली नाही.
नवव्या दिवशी आली, काटा डोक्यावर घेऊन.
मी तारखेचं काही बोलले नव्हते तिला,
हे मला आत्ता आठवतंय.

आज दारूखान्यात इद्रिसभाईंचा ट्रकचा काटा होता.
साठ टनी. लोखंडी पाट्यावर ऊन तापलेलं,
आमचा माणूस टेम्पोतून वजनं उतरवतोय.
मी जाऊन उभी राहिले मधोमध.
इद्रिसभाई केबिनीतून ओरडले,
मॅडम, तो माणसाला धरत नाही!
आकडा दहा-दहानं उडी मारतो तिथला.
थरथरला. थांबला.
एकशे वीस.
मनातल्या मनात दोन किलो चारशे काढून बघितले.
तरी एकशे वीसच.

हसू आलं. एकटीलाच.
यकृताला हे सांगून उपयोग नाही, माहीत आहे.

खाली उतरले.
शून्यावर आला का बघितलं, सवयीनं.
आला.
सावलीत बसून बाटलीतलं पांढरं प्रोटीनचं पाणी प्यायले,
गुठळ्यांसकट,
आणि हाक मारली:
आणा रे ती वीस किलोवाली,
सुरू करू.