उसनी कात्री

जूनमध्ये बेल्चरटाऊनला आभाळ कोरडं ठणठणीत असतानाही
डोलोरेस पेल्की छत्री घेऊन कपडे वाळत घालते.
ओकवरून टपटप पडत असतात
अळ्यांच्या लेंड्या, काळ्या, मोहरीएवढ्या.
पानं अशी उरलेलीच नाहीत,
नुसत्या शिरा
आणि शिरांवरून चालणारी भूक.

मी तिची भाडेकरू, माळ्यावरची.
"ही अळ्यांवाली," अशी ती माझी ओळख करून देते.
आई फोनवर विचारते, किडे मारायला गेलीस का गं इतक्या लांब?
नाही, मी म्हणते, मेलेले मोजायला.
आई थोडा वेळ गप्प. मग भाजी काय केलीस विचारते.

काल डोलोरेसनं खालून हाक मारली.
दोरीवर आलेल्या फांदीकडे तिचं बोट:
एक अळी, मधल्या पायांनी साल धरलेली,
दोन्ही टोकं खाली लोंबणारी,
वाळत टाकलेल्या मोज्यासारखी.
सरळ लटकली असती तर बुरशी, मी सांगितलं,
अशी घडी पडली म्हणजे विषाणू.
मरायच्या आधी तोच तिला उंच चढायला लावतो.
"आणि हे गळतंय ते काय?"
तीच.

अळीचा अंगरखा कायटिनचा.
वाढायचं तर तिलाही तो उसवावा लागतो.
तिची स्वतःची कात्री असते त्यासाठी, बेतानं चालणारी:
नवा शिवून होईस्तोवर जुना अंगावरून उतरत नाही.
विषाणूकडची कात्री तिची नव्हे.
फार पूर्वी कुठल्याशा जिवाणूकडून उसनी आणलेली असावी,
परत करायचं राहून गेलं.
पेशीच्या आत तो ती झाकून ठेवतो,
पेशी फुटेपर्यंत धार दाखवत नाही.
मग प्रथिनं कापणारा जोडीदार येतो,
आणि दोघं मिळून
शिवण शिवण, काठ काठ,
सकाळपर्यंत अळीचा नुसता ओघळ.

"मेली ना एकदा?" डोलोरेस म्हणाली.
"मग वितळवायचं कशाला?"

आमच्या थंड खोलीत, चौथ्या फळीवर,
असा एक विषाणू आहे ज्याची कात्री आम्ही काढून घेतली.
त्याच्या अळ्याही मरतात, ठरल्या दिवशी.
पण अख्ख्या.
फुगलेल्या, गच्च, बोटानं दाबलं तर मागे ढकलणाऱ्या.
आत कोट्यवधी, आणि दार बंद.
मारणं जमलं, बाहेर पडणं नाही.
गेल्या मंगळवारी तशा एक्केचाळीस
मी स्टीलच्या कात्रीनं चिरून उघडल्या.
म्हणजे त्या दिवशी विषाणूचं काम मीच केलं,
पगारी.

हे सगळं मी तिला सांगितलं की नाही, आठवत नाही.
ती दोरीवरून एक शर्ट उतरवत होती,
निळ्या चौकड्यांचा, पुरुषी, कोपरावर विरलेला.
रोलंडला जाऊन तीन वर्षं झाली.
कॉलरवर तपकिरी थेंब पडला होता.
तिनं अंगठा उचलला, थांबली.
"निघेल का हे?"

थंड पाण्यात, मी म्हटलं.
चोळू नको फक्त.
चोळलं की पसरतं.