अर्धा मग

नेव्हीनगरच्या रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर,
वारा फिरला की ससून डॉकच्या सुकटीचा वास
थेट खाटेपर्यंत येतो.
लेफ्टनंट सापळे, माझ्या नातीच्या वयाची,
विचारते, "सर, हात कधीपासून थरथरतो?"
मी म्हणतो, झाली असतील दोन वर्षं.
ती लिहून घेते.

खरं उत्तर बावन्न.
तेव्हा उजवा होता, आता डावा.

मेजर कारखानीसांना भीती नव्हती.
आम्हाला त्यांची होती.
भर दुपारी बांधावरून ते ताठ चालत गेले,
पिकाच्या पाहणीला निघाल्यासारखे,
आणि मागच्या सहाजणांना
वाकायची लाज वाटली.
सहाच्या सहा.
मेजर परत आले, बुटांचा चिखल झटकत.
तिसऱ्या दिवशी काविळीनं त्यांना मागे नेलं
आणि कंपनी माझ्याकडे आली,
शेजारची भांडी येतात तशी, मोजून.

त्र्याऐंशी माणसं.
मी चोवीस वर्षांचा, गिरगावच्या खोताच्या वाडीतला,
गच्चीच्या कठड्याशीसुद्धा न जाणारा.
रात्रभर मोजत बसलो.
त्र्याऐंशी.
मध्येच कोणी खोकलं की चुकायचो,
पुन्हा पहिल्यापासून.
हात कोटाच्या खिशात घालून ठेवला होता,
तो तिथे आत एकटाच
पकडलेल्या चिमणीसारखा.

तीन वाजता हवालदार दौलू शेलार किटली घेऊन आला.
अंधारात एकेकाचा मग भरत गेला,
काठोकाठ, सढळ हातानं,
पोरं ओठ पोळत हसत होती.
माझ्यापाशी आला.
खिशाकडे पाहिलं नाही,
म्हणजे न पाहण्याइतपत पाहिलं असणार.
मग अर्धा भरला आणि पुढे गेला.

अर्धा मग सांडत नाही.
सगळ्यांसमोर मी तो उभ्यानं प्यायलो.

हुकूम सरळ जायचा होता.
मी नाला धरला.
सरळ जायची माझी छाती नव्हती, इतकंच.
तासभर उशीर, कमरेएवढं गार पाणी,
आणि उजाडता उजाडता आम्ही त्यांच्या पाठीशी.
वरच्यांनी त्याला डावपेच म्हटलं.
पदकाच्या कागदावर तोच शब्द आहे.
दुपारी मोजले: एक्क्याऐंशी.
त्या दोघांची नावं मी इथे घेत नाही,
ती मला झोपताना लागतात.

पुढे पंचवीस-तीस वर्षांनी
लोअर परळला, गिरणी पाडून उभ्या केलेल्या टॉवरच्या गेटवर
शेलार भेटला. निळा गणवेश, शिट्टी, वही.
रात्री दर तासाला तळघरातल्या गाड्या मोजायचा,
कोणी सांगितलेलं नसताना.
केबिनमध्ये बसलो. पोरांच्या नोकऱ्या, गुडघे, पेन्शन,
सगळं बोलून झालं.
उठता उठता मी विचारलं,
दौलू, त्या रात्री माझा मग अर्धा का भरलास?
तो बराच वेळ वहीतला गाडीचा नंबर
नीट करत राहिला.
"चहाच कमी होता, साहेब."
मग थर्मास उघडला, दोन कप काढले.
तो ओतत असताना
मी गेटकडे बघत राहिलो,
एक गाडी येत होती, बहुतेक.

चारचा चहा इथे काठोकाठ येतो.
वॉर्डबॉय नवीन आहे.
बशीत, चादरीवर, थोडा तपासणीच्या कागदावर सांडतो,
आणि सापळे रुमालानं कागद टिपते,
म्हणते, राहू दे सर, आता हात पुढे करा,
बोटं पसरून.

बाहेर एक ट्रॉलर बंदराकडे वळत होता.
तो वळेपर्यंत मी थांबलो.
मग केला पुढे,
गणवेशातल्या माणसासमोर,
पहिल्यांदाच.