बावीस नंबर

शुक्रवारची संध्याकाळ, वर्किंग्टन.
ड्रायरमधून शर्ट काढतेय, अजून कोमट.
तक्त्यात आम्ही खालून दुसरे. सहा सामने उरलेत.

ब्रेथवेट दारात, हातात निवलेला चहा.
मला विचारतो, म्हणजे भिंतीलाच:
"पोराला खेळवू का?"

कीलन. एकोणीस पूर्ण.
काल सरावात त्यानं चेंडू टाकला
जिथं कुणीच नव्हतं.
कॅप्टन खेकसला. यानं पुन्हा तिथंच टाकला.
तिसऱ्यांदा आमचा विंगर तिथं पोचला होता
आणि स्वतःच चकित होऊन
गोल मारायचा विसरला.

पण पोरगा मागे पळत नाही.
टॅकल करताना डोळे मिटतो.
त्याच्या शर्टाला चिखल लागत नाही, मला ठाऊक,
मीच धुते.
ऑल्डर्सनचा शर्ट दोनदा भिजवावा लागतो,
आणि ऑल्डर्सन खेळला की आपण हरतो
एक-शून्यनं, इभ्रतीत.

"खाली गेलो तर आधी तुझी नोकरी जाईल, वैजू.
मग माझी."
हा हिशोब मी जानेवारीतच मांडलाय,
गॅसच्या बिलामागे, पेन्सिलीनं.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात.
काडीला कुणी विचारत नाही.

तो गेला, काहीच न सांगता,
कप मशीनवर ठेवून.
अकरा खुंट्या. दहा भरल्या.
उरलेल्या एकीपाशी मी, दोन्ही हातांत दोन शर्ट.

बावीसची बाही काखेत उसवलीय.
सुई कुठे ठेवली मी?