घड्याळाची चावी

वाईला नाक्यावर माझं गॅरेज.
तीस वर्षं रेडिएटर धुतोय,
ट्रकचे, ट्रॅक्टरचे, उसाच्या हंगामात तर रात्रीबेरात्री.
पाचगणीहून पेरीनबाईंचा निरोप आला,
रेडिएटर नीट तापत नाही,
तेव्हा हसूच आलं.
तापत नाही? मग बिघडलंय काय, बाई?

पसरणीच्या घाटात एम-एटी दोनदा दमली.
वर गवतावर दहिवर पांढरं पडलेलं,
नाकाचा शेंडा माझा राहिला नव्हता.

भिंतीला टेकून उभा होता तो,
ओतीव लोखंडाचा, उभ्या भात्यासारखा,
चौदा घड्या. मोजल्या मी.
आमचा रेडिएटर ऊब बाहेर फेकतो, इंजिन वाचावं म्हणून.
हा ऊब घरात वाटतो.
नाव एक, धंदा उलटा.
मी टोपी काढून जरा वेळ नुसता बघत राहिलो.

मग हात फिरवला.
खाली चटका, वर गार.
हवा धरलीय, म्हटलं.
एवढं कळतं, डिझेलचं पोट असो की माणसाचं.

कोपऱ्यात पितळी खिट्टी, चौकोनी टोकाची.
तिची चावी नाही.
बाईंच्या वडिलांनी कुठं ठेवली, ते वडलांनाच ठाऊक.
पान्हा शिरेना,
पकडीनं पितळ सोललं असतं.
बाई बघत होत्या. काही न बोलता गेल्या,
दिवाणखान्यातल्या घड्याळाचं दार उघडलं
आणि किल्ली द्यायची चावी आणून दिली.

बसली.

पाव फेरा.
फुस्स.
कुणास ठाऊक किती हिवाळ्यांची हवा,
गंजाचा वास, ओल्या पोत्याचा वास.
मग ते खोकलं, थुंकलं,
काळं पाणी, थेट बाईंच्या पांढऱ्या टॉवेलवर.
मी ओशाळलो.
"येऊ दे ना," त्या म्हणाल्या, "एवढे दिवस आत होतं."

काम झालं असतं तिथंच.
पण पैसे घेता घेता विचारलं, अजून कुठं आहे का?
तर होता. मागं, शेवटच्या खोलीत.
मेढ्याची पोरगी राहते तिथं, नर्सिंगला,
तनुजा नाव. स्वयंपाकीणबाईंची भाची.
कानटोपी, दोन स्वेटर, मांडीवर हाडांच्या चित्रांचं पुस्तक.
रेडिएटरला हात लावला.
देवळातल्या फरशीसारखा.

गार लागत न्हाई का गं?
"सवय हाय."

तिथं हवा नव्हती. चावी फिरवली, नुसतं पाणी आलं,
तेही निवलेलं.

आमचं रान पाटाच्या शेपटाला.
वरचे भिजवून घ्यायचे बांध फुटेस्तोवर,
आमच्या पाळीला नुसता ओला गाळ.
आबा तक्रार करायचे तर उत्तर ठरलेलं,
पाणी सोडलंय की.
सोडलं होतंच. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

बॉयलर स्वयंपाकघरात. पहिली खोली बाईंची.
सगळी ऊब तिथंच मुक्कामाला.
मी त्यांच्या खोलीतली चकती आवळत आणली,
थोडी, मग अजून थोडी,
मध्येच जाऊन मागं हात लावायचा, परत यायचं.
पाच-सहा खेपा झाल्या.
बाईंना म्हटलं, तुमच्याकडं आता कमी येणार.
त्या म्हणाल्या, "माझ्याकडे दुलई आहे."
आणि मग, चहा ओतताना, खाली बघत,
"मला कुणी सांगितलंच नाही."

पोरीनं कानटोपी काढली तेव्हा मी निघालो.
काही बोलली नाही ती. मीही नाही.
पुस्तकाचं पान तेवढं उलटल्याचं ऐकलं.

हॅरिसन फॉलीच्या पुढं, उतारावर,
बोटं बधिर झाली म्हणून खिशात हात घातला
तर हाताला चावी लागली.
खिशात राहून कोमट झालेली.

थांबलो. खाली वाई, धोमचं पाणी, एक-दोन दिवे.
आता परत वळायचं म्हणजे पेट्रोल,
आणि पोरं गॅरेज बंद करून गेली असतील.

आठ दिवसांची किल्ली असते म्हणे त्या घड्याळाला.
बाईंनी रविवारी दिली होती.
म्हणजे शनिवारपर्यंत जावं लागेल.
जाता जाता मागच्या खोलीला हातही लावून येईन.